तेलाला हवा पाजली ती वर्षं

माझ्या नवऱ्याला डांबराचा साबण करायचं खूळ लागलंय, असं आमच्या गावात सगळे म्हणत. खूळ हा शब्द मला टोचायचा, बाकी त्यात फार चूक नव्हती. डांबर नव्हे, जमिनीतून निघतं तसं जड कच्चं तेल. काळं, थंडीच्या दिवसांत काकवीसारखं घट्ट होणारं. आणि साबण म्हणजे अंगाला लावायचा नव्हे. पण विहिरीवर घागर भरताना एवढं समजावत कोण बसणार? मी "होय" म्हणायची आणि घागर उचलायची.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही मुंबईत काढली. हे तिथे तेल शुद्ध करण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. रसायनशास्त्राची पदवी घेतलेले आमच्या वाडीतले हे पहिलेच. काम तसं नीरस. येणाऱ्या तेलाचे नमुने तपासायचे आणि आकडे वर पाठवायचे. ह्यांचं मन रमायचं दुसरीकडेच. तेलाच्या टाक्यांच्या तळाशी जो जड, मेणचट भाग साचायचा, तो कोणालाच नको असायचा. टाक्या साफ करणारा ठेकेदार तो उचलून न्यायचा. त्या तेलात बराच वेळ हवा फुंकत राहिलं तर त्यातून आम्लं तयार होतात, आणि त्या आम्लांत कॉस्टिक सोडा घातला की साबणासारखा पदार्थ हाती येतो, हे ह्यांनी वाचलं होतं. फावल्या वेळात लहानशा चंबूत करूनही पाहिलं होतं.

एका रविवारी घरी आणून मला दाखवलं. बाटलीत अर्धं पाणी, वर थोडं रॉकेल. बाटली जोरात हलवली, खाली ठेवली. रॉकेल पुन्हा वर आलं. मग खिशातून एक डबी काढली. आत गुळाच्या पाकासारखं तपकिरी काहीतरी होतं. त्यातलं बोटभर बाटलीत टाकून पुन्हा हलवली, तर आत चक्क दूध झालं. पांढरं, दाट.

"ह्याच्या प्रत्येक कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला," हे म्हणाले. रसायनाचं काही सांगायचं झालं की ह्यांची भाषा पुस्तकी व्हायची, एरवी आम्ही घरात मालवणीच बोलायचो. "दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि दोघांनाही सोडत नाही. पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात ह्याला."

ती बाटली आम्ही फळीवर ठेवून दिली. मी रोज चहा करताना बघायची. दूध फुटलं नाही.

ह्यांनी वरच्या साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमून दिलेलं काम करा म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

त्याच उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ मुंबईला आला. माझं माहेर देवगडचं. दादाची हापूसची कलमं, घर त्याच्यावरच चाललेलं. दरवर्षी पेट्या घेऊन यायचा तेव्हा तोंडभर बोलायचा, त्या वर्षी नुसता बसून राहिला.

"तुडतुड्यान मोहोर चाटून खाल्ल्यान," तो म्हणाला. "पानार चिकटो पडता, वर काळी बुरशी धरता. कलमा बघवणत नाय."

"मारूक काय फवारतास?" ह्यांनी विचारलं.

"तंबाखूचो काढो आणि रॉकेल. तेच्यात माशाच्या तेलाचो साबण घालूचो लागता, नायतर रॉकेल पाण्यार तरंगता आणि मोहोर जाळता. आणि तो साबणच खंय मिळणा नाय."

ह्यांनी उठून फळीवरची बाटली काढली आणि दादाच्या हातात दिली. दादाने ती उजेडात धरली, हलवली, बूच काढून हुंगली, नाक मुरडलं आणि परत हलवली.

"ह्या तुमी केलास?"

"होय. पण हंय मुंबयत करूक येवचा नाय. जागा होयी, धूर जावक वाट होयी."

दादा गेल्यावर ह्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मला आधी विचारलं होतं. मी नको म्हटलं असतं तर थांबले असते का, कोण जाणे. पण मी नको म्हटलं नाही. त्या बाटलीतलं दूध मीही रोज पाहिलं होतं.

गावी सासूबाई एकट्याच होत्या. आम्ही मुलीला कडेवर घेऊन, सामानासकट मालवणच्या धक्क्यावर उतरलो आणि बैलगाडीने घरी पोचलो, तेव्हा त्यांनी आधी नातीला जवळ घेतलं, आणि मग ह्यांना म्हणाल्या, "मुंबयची नोकरी सोडून गावाक कोण येता रे झिला?" रागाने नव्हे. खरोखरच त्यांना कोणी तसं आलेलं माहीत नव्हतं. आमच्या वाडीतले तरणे पुरुष मुंबईला किंवा बोटीवर जायचे आणि थकल्यावर परतायचे.

थकून परतलेल्यांतलेच एक आमचे शेजारी. जन्मभर त्यांनी बोटींच्या इंजिनखोलीत कोळसा ओढला होता, म्हणून सगळा गाव त्यांना आगवाले म्हणायचा. मी त्यांना काका म्हणायची. गुडघा धरल्यामुळे घरी बसले होते आणि घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. ह्यांनी खाडीच्या वरच्या अंगाला कातळावर माडाच्या झापांची खोप घातली, तेव्हा काका आपणहून आले.

"चूल माज्याकडे देवा," ते म्हणाले. "बोटीच्या भट्टीम्होर उभो रवलेलो माणूस मी. हेच्यात माका काय जड जावचा नाय."

भंगारातून एक जाड पत्र्याची टाकी मिळाली. तळापर्यंत जाणारा नळ, नळाला खाली बारीक भोकं, वरच्या तोंडाला लोहाराचा चामड्याचा भाता. गावात वीज नव्हती, त्यामुळे हवा फुंकायची ती हाताने. झाकणातून एक लांब काचेचा तापमापक आत सोडलेला. तेल मुंबईहून गलबतातून यायचं. ह्यांनी त्या ठेकेदाराशी बोलणं करून ठेवलं होतं. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध चिमूटभर तेलात घातलं की तेल हवा लवकर घेतं. हे त्याला 'तेलाला हवा पाजणं' म्हणायचे. तेल तापवायचं, पण फार नव्हे. दिवसभर भाता चालवायचा. एकदा तेल हवा घ्यायला लागलं की ते स्वतःच्याच अंगाने तापतं. तेव्हा चुलीतला विस्तव ओढून घ्यायचा, नाहीतर ते हाताबाहेर जातं. म्हणून हे तापमापकाशी उभे राहायचे आणि काका चुलीशी. दुपारनंतर भात्यावर मी बसायची.

त्या वासाबद्दल लिहायला हवं. आंबलेलं लोणी, बकऱ्याच्या अंगाचा दर्प आणि वर डांबर. लुगड्याला बसायचा, केसांत बसायचा, शिकेकाईने जायचा नाही. विहिरीवर बायका आपली घागर जरा बाजूला सरकवायच्या. कोळीण दारात टोपली उतरवायची, पण पूर्वीसारखी बसायची नाही. सासूबाईंनी देवघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. ह्या सगळ्याचं मला तेव्हा एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते मुलीच्या खोकल्याचं. तीन वर्षांची होती. पावसाळ्यात धूर वर जायचा नाही, घराभोवतीच घुटमळायचा, आणि ती रात्रंदिवस ठसकत राहायची.

"चेडवाक देवगडाक धाड," सासूबाई म्हणाल्या. "ह्या धुरात तिचा काय खरा नाय."

दादा येऊन तिला घेऊन गेला. मी म्हटलं, थोडे दिवस. माझ्या वहिनीला मूलबाळ नव्हतं. तिने मुलीसाठी माजघरात आधीच पाळणा बांधून ठेवला होता असं मला मागाहून कळलं.

पहिल्या थंडीत जो माल निघाला तो चांगला निघाला. फार नव्हता. टाकीतलं तेल दाट आणि आंबूस झालं, त्यात कॉस्टिक घालून ढवळल्यावर साबणाचा भाग पाण्यात उतरला, तो आटवून घट्ट केला. हे तो डबा घेऊन देवगडला गेले, मीही गेले. दादाच्या घरामागच्या चार कलमांवर फवारणी केली. पिंपात दूध तयार झालं, ते दुपारपर्यंत तसंच राहिलं. दोन दिवसांनी कलमाखाली तुडतुड्यांचा सडा पडलेला. त्या चार झाडांना त्या वर्षी फळ धरलं ते बघायला आजूबाजूचे बागायतदार आले. दादाने एका कैरीच्या देठाला हात लावून ह्यांना म्हटलं, "औषधाक वास आसा, पण काम करता." हे हसले. मुंबई सोडल्यापासून ह्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं नाही.

पुढच्या वर्षी दादाने सगळी बाग ह्यांच्या भरवशावर ठेवली. दुसरं काही आणलंच नाही.

आम्ही ऑक्टोबरपासून कामाला लागलो. तेलाची नवी पिंपं आली होती. ती उघडल्याबरोबर हे जरा थांबले. रंग तोच, पण वास निराळा, कुजक्या अंड्यांसारखा. तेल कुठल्या टाकीच्या तळाचं, कुठल्या देशातून आलेलं, हे ठेकेदारालाही माहीत नसायचं. हे म्हणाले, गंधक जास्त आहे, जमेल. आणि जमलं असंच वाटलं. हवा पाजायला जास्त दिवस लागले, कॉस्टिक जास्त लागला, पण बाटलीत घालून पाहिलं तर दूध व्हायचं. एक दिवस ठेवलं, राहिलं. दोन दिवस ठेवायला वेळ नव्हता, कारण देवगडला मोहोर फुटला होता आणि दादाचा निरोपावर निरोप येत होता.

फवारणीच्या दिवशी आम्ही तिघेही तिथे होतो, काकासुद्धा. सकाळी सगळं ठीक होतं. ऊन चढलं तसं पिंपात कडेने तेलाचे बारीक डोळे दिसायला लागले. हे बांबूने ढवळत राहिले. गडी पंप मारत राहिले. बाग मोठी, काम थांबवायचं म्हणजे तयार केलेला सगळा माल टाकायचा. हे एकदा म्हणाले, "थांबूया काय?" आणि दादा म्हणाला, "अर्धी झाली, आता आणि काय थांबतास."

बाटली आणि पिंप ह्यांत फरक असतो. उन्हात तापल्यावर त्या साबणाने रॉकेल सोडून दिलं. पाणी खाली राहिलं आणि नुसतं रॉकेल मोहोरावर गेलं.

तिसऱ्या दिवशी मोहोर तपकिरी झाला. दादाच्या मागोमाग मी बागेत गेले. त्याने एक फांदी धरून हलकेच हलवली, तर मोहोराचा भुगा आमच्या डोक्यावर, खांद्यावर पडला, चहाची पूड सांडावी तसा. तो पुढच्या झाडाकडे गेला, त्याची फांदी हलवली. मग तिसऱ्याची. असं सगळ्या बागेत फिरला. हे बागेच्या दगडी गडग्यापाशी उभे होते, आत आले नाहीत.

दादा परत येताना ह्यांच्याजवळ थांबला. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं.

"जेवून घेवा," तो म्हणाला. "पानां वाढल्यानी."

त्या दिवशी त्या घरात सगळे जेवले. वहिनीने सगळ्यांना वाढलं, ह्यांना आग्रह करून भात घातला. माझी मुलगी तिच्या मांडीवर बसून जेवत होती. निघताना मी तिला घ्यायला हात पुढे केले तर वहिनी म्हणाली, "तिका कित्या नेतंस गो त्या धुरात? रवांदे." तिचंही बरोबर होतं. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न आम्ही जाळलं होतं, त्याच घरात मी माझी मुलगी ठेवून आले.

गावी आल्यावर हे झपाटल्यासारखे कामाला लागले. चूक कुठे झाली ते ह्यांना कळलं होतं, किंवा कळलंय असं वाटत होतं. तेल अर्धवट हवा प्यालेलं होतं. जो भाग आम्ल झालाच नव्हता तो वेगळा काढायला हवा होता. तो काढायची रीतही ह्यांनी बसवली. एकच घाणा नीट करून दाखवायचा, मग पुढचं पुढे, असं म्हणायचे. कोणाला दाखवायचा, हे मी विचारलं नाही. दादाने पुन्हा कधी औषधाची गोष्ट काढली नव्हती.

मी एकदाच म्हटलं, "पुरे आता. मुंबयक जावया."

"थंय जावन काय सांगू?" हे म्हणाले. तेवढंच.

काका रोज यायचे. त्यांना आम्ही आता धडपणे काही देऊ शकत नव्हतो, तरी यायचे. चुलीशी उकिडवे बसून बोटीच्या गोष्टी सांगायचे. कुठल्याशा बंदरात इंजिनखोली इतकी तापली की लोखंडी शिडीला हात लावता येईना, अशा. हे ऐकत नसायचे. मी ऐकायची.

शेवटची पिंपं आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. ह्या वेळी तेल पातळ होतं. ठेकेदाराने त्यात कसलं तरी हलकं तेल मिसळलं असावं. का, ते आम्हाला कधीच कळलं नाही. ह्यांनी ते आधी उघड्या काहिलीत तापवून हलका भाग उडवून लावला. सगळा उडाला असं त्यांना वाटलं.

सकाळची वेळ होती, पेजेची. मी पेजेचं भांडं आणि भाजका सुका बांगडा घेऊन पायवाटेने वर चढत होते. खोप समोर दिसत होती. हे तापमापकापाशी, एक हात भात्यावर. काका चुलीपुढे. झाकणाच्या सांध्यातून वाफ निघत होती, पण वर जात नव्हती. पांढुरकी, जड, टाकीच्या अंगावरून खाली उतरत होती. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. धुकं उतरतं तसं वाटलं.

"काका, विस्तव ओढा," हे म्हणाले. नेहमीच्याच आवाजात. रोज म्हणायचे तसं.

काकांनी वाकून लोखंडी आकड्याने निखारे पुढे ओढले.

आवाज मोठा झाला नाही. फडका झटकल्यासारखा झाला. मग खोपीचा तो सगळा भाग पिवळा दिसला, आणि झापं पेटली. हे काकांना काखेत धरून ओढत बाहेर आले. माझ्या हातातलं भांडं कुठे पडलं मला आठवत नाही. आम्ही काकांवर गोणपाट टाकलं, माती टाकली. मागे टाकी भडभडत होती. काळा धूर खाडीवर आडवा पसरला आणि पलीकडच्या तीरावरची माणसं होड्या घेऊन आली.

होडीतून आणि पुढे माल नेणाऱ्या ट्रकमधून काकांना मालवणला दवाखान्यात नेलं. ह्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, ते तिथे कोणाच्या लक्षातच आलं नाही, ह्यांच्याही नाही. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. काका काही दिवस होते. शुद्धीवर असायचे. त्यांची बायको डोक्याशी बसून पंख्याने वारा घालायची. आमच्या शेजारच्या त्या घरात ती दोघंच राहायची. मूल झालेलं वाचलं नव्हतं.

एकदा काकांनी ह्यांना जवळ बोलावलं.

"टाकी रवली काय?"

"रवली, काका," हे म्हणाले.

टाकी फुटली होती. तिचा पत्रा उलगडून कातळावर पडला होता.

"मगे बरा," काका म्हणाले, आणि डोळे मिटले. त्याच दिवशी गेले नाहीत, पण गेले तोवर त्यांनी ह्यांना पुन्हा काही विचारलं नाही.

चौकशी झाली, अपघात अशी नोंद झाली. गावात कोणी आम्हाला तोंडावर काही म्हटलं नाही. वासाबद्दलही आता कोणी बोलेना. घागर कोणी सरकवेना. काकांच्या घरावरून जाताना मी पदर डोक्यावरून घेऊन खाली बघत जायची. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायच्या. तिथे त्या काय बोलत, किंवा बोलत होत्या की नाही, त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि त्या गेल्या तेव्हा ते त्यांच्याबरोबरच गेलं.

ह्यांचे हात बरे झाले, पण कातडी आवळून आली. उजव्या हाताची मूठ पुरती मिटायची नाही. पुढे सावंतवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा होता, तिथे हे लागले. आम्ही तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या. आता धूर नव्हता, वास नव्हता, तेव्हा मी मुलीला आणलं. ती सात वर्षांची झाली होती. शहाण्यासारखी वागायची. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची, आणि पाहुण्याच्या घरी बसावं तशी भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा तिला ताप आला तेव्हा ती झोपेत "आई, आई" म्हणत होती. मी कपाळावर हात ठेवला तर डोळे उघडून बघितलं आणि गप्प झाली. तिने हाक मारली होती ती वहिनीला. मे महिन्यात ती देवगडला गेली ती परत यायला तयार झाली नाही, आणि आम्ही ओढून आणलं नाही. तिचं लग्न दादानेच लावून दिलं. मी मांडवात होते.

दादाच्या बागेला त्यापुढच्या वर्षांत पुन्हा आंबा धरला. तयार औषधांचे डबे मिळू लागले, पाण्यात ओतलं की दूध व्हायचं. दादाने ते डबे आम्हाला कधी दाखवले नाहीत. मी एकदा पडवीच्या कोपऱ्यात पाहिले, त्याने ते गोणपाटाखाली झाकून ठेवले होते. आम्ही येणार म्हणून.

शाळेत हे धडे शिकवायचे. प्रयोगाचा तास असला की सामान मांडून द्यायचे आणि बाजूला उभे राहायचे. घरी आले की खिडकीशी बसायचे. एकदा वाण्याने मला नवी कपडे धुवायची पूड दिली, साबणाचा फेस होत नाही अशा मचूळ पाण्यातही हिचा होतो म्हणाला. मी ती आणून मोरीवर ठेवली. ह्यांनी ती पाहिली. चिमूटभर तळहातावर घेतली, पाणी घालून अंगठ्याने चोळली. फेस आला. नाकाशी नेऊन हुंगली.

"वास नाय," हे म्हणाले, आणि हात धुऊन टाकले.

काकांची बायको आमच्याकडे आली ती ह्या सगळ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तिची भाची सावंतवाडीत दिली होती, तिच्याकडे आली होती. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. तिने चपला बाहेर काढल्या, आत येऊन खाली बसली. मी खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाली. हे खिडकीशी होते ते उठून तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

मी चहा केला. तिने तो बशीत ओतून हळूहळू संपवला. मग ह्यांना म्हणाली, "एक इचारूचा होता. रागावतलास नाय मां?"

"इचारा," हे म्हणाले.

"आमचो घोव तुमच्या हंय काय करी होतो?"

ह्यांना प्रश्न कळला नाही. मलाही कळला नाही.

"म्हणजे तुमी काय करी होतास थंय, ता," ती म्हणाली. "तेनी माका कधी सांगल्यान नाय. मी समजत होतंय, डांबर कढयतत, होड्यांका लावूक. लोक म्हणत साबण. डांबराचो कसो साबण होतलो? तेका इचारलंय तर म्हणी, तुका कळाचा नाय. मगे इचारूचा रवलाच."

हे उठले. मला वाटलं आतल्या खोलीत निघून जातील. पण त्यांनी फळीवरून एक बाटली काढली, तिच्यात पाणी घेतलं, स्टोव्हच्या डब्यातलं रॉकेल घातलं. आवळलेल्या हातात बाटली धरून हलवली आणि तिच्यासमोर ठेवली. रॉकेल वर आलं.

"हे असं वेगळं होतं," हे म्हणाले. मालवणी सुटली आणि पुस्तकी भाषा आली. "ह्याला एकत्र ठेवणारं काहीतरी आम्ही करत होतो. जड तेलात हवा फुंकून. तेल तापवायचं काम काकांचं होतं. ते फार नीट करायचे."

"आणि ता कशाक?"

"आंब्याच्या औषधाक," मी मध्येच म्हटलं.

तिने बाटली उचलली नाही. नुसती वाकून बघत राहिली. पाण्यावरचा रॉकेलचा थर स्थिर झाला होता.

"मगे झाला काय ता?" तिने विचारलं.

ह्यांनी मान हलवली. "नाय," म्हणाले. मग म्हणाले, "एकदा झालेला. चार झाडांका पुरला."

"बरा," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, मालवणची गाडी किती वाजता सुटते. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत तिने भाचीच्या सासरबद्दल सांगितलं, यंदा पाऊस कमी झाला म्हणाली, काजूला बरा भाव आहे म्हणाली. गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी राहिले.

घरी आले तर हे जमिनीवरच बसलेले होते, बाटली समोर. मी ती उचलून मोरीत ओतली आणि भाताला पाणी ठेवलं.